दुसरी रास

दरवर्षी मराठी दिनाला आमच्या शाळेत एखादी पोर उठते, हात बांधून उभी राहते आणि शिंपल्यांना 'तिसऱ्या' हे नाव कसं पडलं ते सांगते. गुंजी गाव, गावचा ओढा, ओढ्यात उतरलेली एक माउली. बाया टाळ्या वाजवतात. मी निवृत्त झाले तरी मला अजून बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात, आणि ती पोर बोलायला लागली की मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जाते. त्या पोरीचा काय दोष! पण माझ्याच्यानं ऐकवत नाही. कारण ती गोष्ट गुंजीची नाही. ती माझ्या सासूची आहे, आणि ती कुणी चोरली हे मला ठाऊक आहे.

गुंजीकर सर आमच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मी विज्ञान. सीमाभागातल्या वडगावात आमचं घर आणि त्यांचं घर समोरासमोर, मध्ये एवढासा रस्ता. उंच, जरासे पोक काढून चालणारे, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेन नाही तर खडू. त्यामुळं खिसा कायम पांढरा पडलेला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "कोन दिलं न्हाय आनि मी मागितलं न्हाय."

त्यांना एकच नाद होता, शब्दांचा. डबा खायला बसलो की स्वतःचा डबा बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या डब्यात वाकून बघायचे आणि विचारायचे, "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" भाजीला विचारायचे, लसणाच्या सालीला विचारायचे, डब्याच्या तळाला चिकटलेल्या खरपुडीला विचारायचे. आमच्या कन्नडच्या बाई तर त्यांना बघून डबा झाकायच्या. आवडीचा शब्द मिळाला की घरी गेल्यावर सर तो खडूनं स्वतःच्या पुढच्या दारावर लिहायचे. आणि शब्दाखाली ज्यानं सांगितला त्याचं नाव. हे नाव महत्त्वाचं. "शब्दाखाली माणूस पायजे बाई," असं ते मला कितीदा म्हणाले असतील. "माणूस नसला की शब्द बेवारशी."

एकदा संकेश्वरला कुणाच्या तरी बारशाला निघालेले सर निपाणीला जाऊन पोचले. बसमध्ये कंडक्टरशी गप्पा लागल्या. आपण ज्याला बेंदूर म्हणतो त्याला तो कारहुणवी म्हणत होता, त्याच्या घरी बैलांना त्या दिवशी काय काय करतात ते सांगत होता, आणि सर ऐकत बसले. संकेश्वर आलं आणि गेलं. निपाणीच्या स्टँडवर चहा पिऊन त्याच गाडीनं परत आले, तोवर बारसं संपून लोक पांगले होते. पण दारावर दुसऱ्या दिवशी 'कारहुणवी' होतं, आणि खाली 'इराप्पा, निपाणी गाडी'.

त्यावरून गल्लीतला सीमालढ्याचा एक तरुण कार्यकर्ता त्यांच्यावर उखडला. "सर, आमी मोर्चे काढायचे आनि तुमी दारावर कानडी शब्द लिवायचे, व्हय?"

सर दारातच उभे होते. खडूची बोटं शर्टाला पुसत म्हणाले, "अरे, मानसांला हद्दीवर कोगनोळीचा नाका असंल. शब्दाला कुठला रं चेकपोस्ट? त्यो कवाच पलीकडं गेलाय आनि जेवून परत आलाय."

तो पोरगाही हसला. मी माझ्या पायरीवर उभी राहून ऐकत होते आणि मला वाटलं, असा माणूस आपल्या समोर राहतो, आपलं नशीब.

आणखी एक सांगते, म्हणजे आम्ही त्यांच्यावर इतका जीव का टाकला ते कळेल. खानापूरकडच्या जंगलातल्या गावाहून एक मुलगी आठवीत आली होती. तिचं बोलणं ऐकून वर्ग खिदळायचा. सरांनी तिला एक दिवस फळ्यापाशी उभं केलं, स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आज तू आमाला शिकीव. तुमच्याकडं पाऊस कसा कसा पडतो, त्याची सगळी नावं सांग." पोरगी आधी रडवेली झाली, मग सांगायला लागली. नावं संपेनात. त्या तासाच्या शेवटी हसणाऱ्या पोरी तिच्याकडून नावं उतरवून घेत होत्या. रविवारी ती आपल्या आईला घेऊन वडगावात आली, सरांच्या दारावर आपलं नाव दाखवायला. आई अंगठाबहाद्दर. तिनं लेकीच्या नावाला नुसता हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

हे सगळं माझ्या सासूबाई आमच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांचं नाव सुभद्रा; घरात आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो. माहेर वेंगुर्ल्याजवळचं, खाडीकाठचं. लग्न होऊन घाट चढून आल्या त्या कायमच्या. इथं त्यांचं बोलणं ऐकून लोक हसले, मग सवयीनं हसायचे थांबले. पण कुणी कधी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्या खाडीचं नाव आमच्या घरातसुद्धा कुणाला धड सांगता यायचं नाही. खरं सांगते, मलाही नाही.

बाजारात तिसऱ्या आल्या की आई घरात असेल ते काम टाकून निघायच्या. आणल्या की परातीत ओतून त्यांच्या तीन राशी करायच्या. अगदी बारीक, कोवळ्या असतील त्यांची पहिली. ती बादलीतल्या पाण्यात. "आई, त्या आता जगायच्या नाहीत," मी विज्ञान सांगायची. त्या ऐकायच्या नाहीत. उरलेल्यांच्या दोन. दुसरीचं सुकं वेगळ्या डब्यात भरायचं, आणि तो डबा समोर, सरांकडं.

पहिल्यांदा डबा दिला तेव्हा मी बरोबर होते. सर संकोचले. म्हणाले, "आई, मला असल्या हातचं खायची सवय न्हाय. आई मी बघितलीच न्हाय. मी झालो आनि ती गेली. आत्यानं वाढीवलं."

"आवस नाय?" आईंच्या तोंडून निघून गेलं. मग डबा त्यांच्या हातात कोंबून म्हणाल्या, "मगे माका आईच म्हणा. आनी तिसऱ्यो गरम आसतानाच खावा."

सरांनी लगेच विचारलं, "आई, ह्याला तिसऱ्या का म्हणतात हो?"

झालं! इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं. आई त्यांच्या कट्ट्यावर बसल्या.

"आमच्या खाडयेर सुकती इली, पाणी उतारला की आमी सगळ्यो बायो पाण्यात उतरूं. पायाच्या बोटांनी चाचपून काडायच्यो. भायर इलंव की काठार तीन राशी. पयली पाण्याची, बारीकसारीक सगळी परत पाण्यात. दुसरी, जी घराकडे पडान आसा तिची. बाळंतीण, म्हातारी, दुखणेकरीण, जिका पाण्यात उतरूक जमणा नाय ती. आनी तिसरी आपली. तिसरी रास घराकडे येय, म्हणान तिसऱ्यो. माझी आजी सांगी."

खरं की खोटं, मला ठाऊक नाही. मी कोश उघडून पाहिला, तर तिथं शिंपल्याचा एक प्रकार एवढंच लिहून मोकळे झालेत. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातून सरांकडं जाणारा डबा म्हणजे दुसरी रास होती. ज्याला पाण्यात उतरता येत नाही त्याची.

सरांचे डोळे भरले होते. दारावर, कडीच्या बरोबर वर, त्यांनी लिहिलं: 'तिसऱ्या'. खाली 'सुभद्राआई, वेंगुर्ल्याची खाडी'. आणि म्हणाले, "आई, मी ह्यावर लिवनार. छापून आनणार. पहिलं नाव तुमचं."

"माझा नाव घालशात मां?" आईंनी विचारलं.

"घालनार. आईची शपथ," सर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तेव्हापासून आई देवळात जाताना सरांच्या दारावरून जायच्या. वाचता येत नव्हतं, पण कडी कुठं आहे ते माहीत होतं. कडीच्या वर बोट टेकवायच्या आणि पुढं जायच्या. पावसानं अक्षरं गेली की सर पुन्हा लिहायचे. माझ्या नवऱ्याला आई अधूनमधून विचारायच्या, "सरांचा छापून इला काय रे?" तो म्हणायचा, येईल. आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं, येईल.

मग सरांना आमच्या भागातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. इकडची संमेलनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. ग्रंथदिंडी, लेझीम, फेटे, शेतात घातलेला मांडव, सगळ्या गावाला जेवण. बोलणारा काय बोलतो यापेक्षा मराठीत बोलतो याचंच लोकांना भरतं आलेलं असतं. सर आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आई, उद्या तुमची तिसरी सांगनार. यायलाच पायजे." आईंनी ट्रंकेतली जांभळी इरकल काढली. मी त्यांना धरून पहिल्या रांगेत बसवलं.

सर छान बोलत होते. अगदी रंगात आले होते. मग म्हणाले, "आता एका शब्दाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट मला माझ्या आईनं सांगितली."

आईंनी माझा हात दाबला. पदर सारखा केला. शेजारच्या अनोळखी बाईकडं बघून हसल्या. मीसुद्धा हसले हो!

"माझी आई गुंजीची," सर म्हणाले. "गुंजीच्या ओढ्यात उतरायची. काठावर तीन राशी घालायची."

पुढचं सगळं तसंच. पहिली रास, दुसरी रास, बाळंतीण, म्हातारी, सगळं. फक्त खाडी गेली. सुकती गेली. वेंगुर्लं गेलं. शेवटी त्यांनी हात वर केला. "ज्या मातीतल्या बाईनं शिंपल्याला मराठी नाव दिलं, त्या मातीला आज विचारतात, तू कुणाची?" मांडव उठला. घोषणा सुरू झाल्या. आमच्या मागं एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, "आमच्या वड्यात तर खेकडंच हायत की रं. ह्ये कुठलं?" आणि दुसरा म्हणाला, "गप. सर सांगायलेत न्हवं?"

आईंचा हात माझ्या हातातून कधी सुटला मला कळलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून त्यांनीही वाजवल्या. परतीच्या गाडीत त्या माझ्याकडं वळल्या. विचारलं, "गुंजीक खाडी आसा गो?"

मी म्हटलं, "नाही आई."

"मगे तिसऱ्यो खंयसून इल्यो?"

 माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

सोमवारी शाळेत कन्नडच्या बाईंनी मला गाठलं. "गुंज्याग समुद्र यावाग बंत्री, बायार?" म्हणजे गुंजीत समुद्र कधी आला हो, बाई? त्या थट्टेनं विचारत होत्या, पण मला ते झोंबलं. मी तशीच उठले. सर रिकाम्या वर्गात फळा पुसत होते.

"सर, गुंजीत खाडी कुठाय?" मी म्हटलं. "तिसऱ्या गोड्या पाण्यात होत न्हाईत, हे सातवीतल्या पोरीला ठाऊक हाय."

ते दचकले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, वेंगुर्लं महाराष्ट्रात हाय. तिथल्या शब्दाला कुनी मराठीपनाचा पुरावा मागत न्हाय. आपल्याला मागतात. वेंगुर्ल्याची गोष्ट त्या मांडवात सांगून काय उपयोग झाला असता?"

"आणि शब्दाला चेकपोस्ट नसतो, ते?"

"ते दारात ठीक हाय. मांडवात न्हाय."

"बरं, शब्दाखाली माणूस पायजे, ते? आईंचं नाव?"

सर खडू बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यांना कुठं वाचायला येतंय, बाई?"

त्यात दुष्टपणा नव्हता. खरंच नव्हता. हिशेब मांडावा तसं साधं बोलले. म्हणूनच मला ते अजून विसरता आलेलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. मी त्यांना म्हटलं, "सर, तुमाला आई नव्हती म्हनून तिनं तुमाला डबा दिला. आनि तुमी तिलाच पुसून दुसरी आई करून घेतलासा." एवढं बोलले आणि रडू फुटायच्या आत बाहेर आले.

संमेलनाच्या स्मरणिकेत सरांचा तिसऱ्यांवरचा लेख छापून आला. त्यात सुभद्रा हे नाव कुठंच नव्हतं. नवऱ्यानं पूर्ण वाचला, दुमडला आणि माळ्यावर टाकला. आईंनी मात्र विचारलं नाही. 'छापून इला काय' हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि देवळात जाताना पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या.

त्यानंतर पहिल्यांदा तिसऱ्या आल्या तेव्हा मी परातीकडं बघत होते. आईंनी बारीक निवडून पाण्यात टाकल्या. मग हात थांबला. उरलेल्या सगळ्या एकत्रच ठेवल्या. 

शिजल्याचा वास रस्ता ओलांडून जायचाच. सर थोडा वेळ वाट बघत असणार. मग स्वतःच आले. हातात आमचा मागचा डबा, घासून लख्ख केलेला. रिकामा डबा ते कधी परत द्यायचे नाहीत, तसा त्यात झाडाचे पेरू घातलेले. फाटकापाशी उभे राहून हाक मारली, "आई!"

आई बाहेर गेल्या. डबा घेतला. पेरू काढून एकेक करून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवले, सरांच्या बाजूला. मग पदराला हात पुसत अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या आवशीन आज तिसऱ्यो रांदूक नाय?"

 सरांनी पेरू उचलले नाहीत. तसेच वळले आणि रस्ता ओलांडून गेले. दार लावल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीपाशी उभ्या राहून ढसाढसा रडल्या. "तेका आवस नाय गो," म्हणत होत्या. "माका असा बोलूक नको होता." मी म्हटलं, हवं होतं. मला आजही वाटतं, हवं होतं.

दसऱ्याला सरांनी दार रंगवून घेतलं, हिरवं. त्यावर मग काही लिहिलं नाही. खिशात खडू मात्र असायचा. आम्ही शाळेत कामापुरतं बोलायचो. आई गेल्या तेव्हा ते आले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि गेले. पुढं निवृत्तीनंतर घर विकून पुतण्याकडं राहायला गेले. पण लेख राहिला. तो कुणीतरी भाषणात घेतला, कुणी शाळेत सांगितला, आणि आता दरवर्षी एक पोर उठते.

ते मला शेवटचे दिसले ते मासळी बाजारात. मी तिसऱ्या घ्यायला गेले होते. आई गेल्यावर मीच घेते, आणि हसू नका, राशीही करते. मासळीवाल्या बाईसमोर एक म्हातारा पाठमोरा वाकून उभा होता. मी पाठ ओळखली नाही. आवाज ओळखला.

"ह्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"तिसऱ्या की, आज्जा," ती म्हणाली. "आनि का म्हनत्यात ठावं हाय काय? माझ्या लेकीच्या शाळेत सांगितलंय. गुंजीची येक बाई हुती, वड्यात उतरायची, तीन राशी घालायची. तिनंच नाव दिल्यालं. खरं व्हय ओ?"

 तेवढ्यात सरांची मान वळली आणि मी दिसले. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. मांडव नाही, घोषणा नाहीत, पुरावा मागणारं कुणी नाही. एक मासळीवाली आणि मी. एवढ्याशा जागेत एक नाव घ्यायचं. त्यांचे ओठ हललेही. हात खिशातल्या खडूकडं गेला.

मग ते बाईकडं वळून म्हणाले, "व्हय. खरं हाय."

आणि पिशवी सावरत निघाले. पोक आणखी वाढलं होतं. गर्दीत पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला, मग दिसेना झाला.

माझा आवाज चढला. "गुंजी न्हवं बाई," मी म्हटलं. "वेंगुर्ल्याची खाडी. सुभद्रा तिचं नाव. सुभद्रा!"

तराजूत तिसऱ्या टाकता टाकता तिनं माझ्याकडं बघितलं.

"कोन सुबद्रा?" ती म्हणाली.